जपानी व्याकरणाचा अंकी डेक, मराठी सूचनांसह (एन५ ते एन३): चुका काढा

तिरफळ

माझ्या डेकची (अंकी या उजळणीच्या ॲपमधला कार्डांचा संच) दुसरी आवृत्ती करायला घेतली आहे. पहिली ज्यांनी वापरली त्यांच्याकडून शाबासकी नको, चुका हव्यात.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सध्याची रचना अशी. व्याकरणाच्या एका मुद्द्याला एक नोंद. वर एका ओळीत मराठी सूचना, खाली जपानी वाक्य आणि त्यात एक गाळलेली जागा. मागच्या बाजूला पूर्ण वाक्य, कांजीवर (चिनी चित्राक्षरांवर) फुरिगाना, म्हणजे बारीक अक्षरांत उच्चार, आणि रूप कसं जोडायचं याचा एक ओळीचा नियम. उत्तर मनात म्हणायचं, कार्ड उलटायचं, बटण (अगेन, हार्ड, गुड वगैरे) दाबायचं. टाइप करणं नाही. वेळापत्रकासाठी एफएसआरएस (कार्ड पुन्हा कधी दाखवायचं हे ठरवणारं अंकीचं गणित) चालू, लक्षात राहण्याचं लक्ष्य ९० टक्के.

पातळ्यांबद्दल आधीच सांगते: २०१० मध्ये जेएलपीटीचं (जपानी भाषेची परीक्षा; एन५ सगळ्यांत सोपी पातळी, एन१ सगळ्यांत अवघड) स्वरूप बदललं, तेव्हापासून व्याकरणाची अधिकृत यादी प्रसिद्ध होत नाही. त्यामुळे "हे एन४ मध्ये नाही, एन३ मध्ये आहे" यावर वाद नको. पाठ्यपुस्तकंही आपापल्या अंदाजानेच वाटणी करतात.

धाग्यात जपानी देवनागरीत लिहू या, म्हणजे अजून काना (जपानी उच्चारलिपी) न येणाऱ्यांनाही वाचता येईल. डेकमध्ये मात्र काना-कांजीच राहील. देवनागरीत 'ओबासान' (काकू) आणि 'ओबाआसान' (आजी) घाईत एक होऊन जातात, आणि तिथून पुढे सुधारणं कठीण.

मुख्य प्रश्न दोन. मराठी सूचना कुठे फसवतात? आणि टाइप करायला लावावं का?

उंबरठा

तुम्ही विचारलेल्या दोन्ही प्रश्नांच्या आधीची एक अडचण आहे. एका मुद्द्याला एकच वाक्य दिलंय. चौथ्या-पाचव्या उजळणीला वाचणारा वाक्य वाचतच नाही. 'सुरुवातीला खिडकी आहे ना, मग उत्तर ते आरु' एवढंच डोक्यात बसतं. अंकी त्याला 'येतंय' समजून पुढची तारीख दोन महिन्यांवर टाकतो. परीक्षेत वाक्य बदललं की संपलं.

शब्दांच्या कार्डांत हे चालतं, कारण शब्द हीच आठवायची गोष्ट असते. व्याकरणात आठवायचं असतं ते शेजारच्या दोन-तीन रूपांतून हेच का निवडलं ते. म्हणून दर मुद्द्याला निदान तीन-चार वाक्यं हवीत. त्यातलं एक तरी असं हवं की जिथे शेजारचं रूप मोहात पाडेल, पण बसणार नाही.

सव्वादहा

उंबरठा यांच्याशी सहमत. फक्त हे कसं करायचं त्यात एक खड्डा आहे.

चार वाक्यांच्या चार वेगळ्या नोंदी केल्या तर त्या एकमेकींना ओळखत नाहीत. चारही एकाच दिवशी येऊ शकतात. पहिलं चुकलं, मागची बाजू वाचली, पुढची तीन आपोआप बरोबर. ती तीन 'बरोबर' खोटी असतात आणि त्यांच्या तारखा लांब जातात.

चारही वाक्यं एकाच क्लोझ नोंदीत (एकाच मजकुरात जागा गाळायचा अंकीचा प्रकार) टाकली तर आणखी वाईट. पहिली जागा गाळलेली दिसते तेव्हा बाकीच्या तीन वाक्यांत उत्तर उघडंच असतं.

चालणारी रचना अशी: साधा नोट टाइप (नोंदीचा साचा) घ्या, क्लोझ नाही. त्यात चार वेळा तीन-तीन रकाने: गाळलेली जागा असलेलं वाक्य, उत्तर, सूचना. शिवाय सगळ्यांना सामाईक असा एक नियमाचा रकाना. एकूण तेरा. चार कार्ड टेम्प्लेट करा आणि प्रत्येक टेम्प्लेटचा पुढचा भाग "हा रकाना भरलेला असेल तरच" या अटीत गुंडाळा. अट म्हणजे रकान्याच्या नावाआधी दुहेरी महिरपी कंसात हॅश, आणि शेवटी त्याच नावाआधी तिरकी रेघ. म्हणजे तीनच वाक्यं असलेल्या मुद्द्याचं चौथं कार्ड तयारच होत नाही.

आता ही चार कार्डं अंकीच्या भाषेत भावंडं झाली. डेकच्या पर्यायांत भावंडं 'पुरण्याची' (त्या दिवसापुरती लपवण्याची) तीन खटकी आहेत: नवी, उजळणीची आणि दिवस ओलांडून शिकत असलेली. तिन्ही चालू करा. एका मुद्द्याचं दिवसाला एकच वाक्य येईल.

नोट टाइपमध्ये रकाने बदलले की अंकी एकाच दिशेने पूर्ण सिंक मागतो. त्याआधी फोनवरची उजळणी सिंक करून घ्या, नाहीतर फोनवरचे त्या दिवसाचे रिव्ह्यू गेले. बॅकअप काढा हे वेगळं सांगायला नको.

गोगलगाय_२

मराठी सूचना काढूनच टाका. भाषांतर करत करत भाषा शिकू नये. जपानीतून जपानी.

कण्हेर

गोगलगाय, एन१ ला हे म्हणणं ठीक आहे. एन५-एन४ ला सूचना काढल्या तर गाळलेल्या जागेला चार-चार उत्तरं बरोबर येतात आणि कार्ड निरुपयोगी होतं. 'आमे गा फुरु ___ दा' इथे सूचनेशिवाय सोउ, योउ, हाझु सगळं बसतं. सूचना 'पाऊस पडणार म्हणे' अशी असली की सोउ एकटाच उरतो. (ऐकीव गोष्टीसाठी राशिइ सुद्धा चालतं, पण त्याच्यामागे दा लागत नाही. म्हणून 'दा' वाक्यात ठेवलाय तो तसाच राहू द्या, काढू नका.)

आणि मराठी ही इथे ओझं नाही, भांडवल आहे. क्रियापद शेवटी, विभक्तीचा प्रत्यय नामामागे, कारण आधी आणि 'म्हणून' नंतर. 'पाऊस पडतोय म्हणून छत्री नेतो' आणि 'आमे गा फुत्ते इरु कारा, कासा ओ मोत्ते इकु' यांत तुकड्यांचा क्रमही बदलत नाही. इंग्रजीतून शिकणारे 'कारा' नेमकं उलट्या बाजूला लावतात. मराठी माणसाने इंग्रजी सूचनांचा डेक वापरला तर तो ही चूक उसनी घेतो.

माझ्या मते सूचनांचे तीन गट पाडायला हवेत.

पहिला गट, जिथे मराठी जशीच्या तशी बसते. ते मिरु म्हणजे करून बघणे. ताबेते मिरु, खाऊन बघतो. ते ओकु म्हणजे करून ठेवणे. ते शिमाउ म्हणजे करून टाकणे, आणि 'विसरून गेलो'मधली हळहळसुद्धा त्यात येते: वासुरेते शिमात्ता. मोत्ते कुरु, घेऊन येणे. फुएते इकु, वाढत जाणे. फुएते किता, वाढत आलं. 'तानाका तो इउ हितो', तानाका म्हणून एक माणूस. यांना एक-दोन वाक्यं पुरे. चार-चार वाक्यं यांच्यावर खर्च करू नका.

दुसरा गट, जिथे मराठीत भेद आहे पण आपल्या लक्षात येत नाही. उत्तम उदाहरण हाझु आणि बेकी. दोन्हींची सूचना डेकमध्ये 'हवा / हवं' अशी आहे आणि दोन्ही कार्डं एकमेकांत मिसळतात. मराठी नीट ऐका: 'तो एव्हाना पोचायला हवा' हा अंदाज, हाझु. 'त्याने माफी मागायला हवी' हे कर्तव्य, बेकी. 'ने' आला की बेकी. सूचनेत पूर्ण वाक्य लिहिलंत तर कर्त्याची विभक्तीच उत्तर सांगते. नुसतं 'हवा / हवं' लिहिलं की भेद मरतो. तीच गत सोउच्या दोन रूपांची. 'ओइशिसोउ' म्हणजे चवदार दिसतंय, 'ओइशिइ सोउ दा' म्हणजे चवदार आहे म्हणे. 'म्हणे' इतका नेमका शब्द हाताशी असताना डेकमध्ये 'असे वाटते / असे कळते' का लिहिलंय? अपवादांची दोन कार्डं वेगळी हवीत: इइचं योसासोउ, नाइचं नासासोउ.

तिसरा गट, जिथे मराठी गोत्यात आणते. इथे चार वाक्यंही कमी पडतील.

नि आणि दे. मराठीत दोन्ही 'त'. 'पुण्यात राहतो', पुने नि सुन्दे इमासु. 'पुण्यात काम करतो', पुने दे हाताराइते इमासु. असणं-वसणं असेल तर नि, काही करणं असेल तर दे, हा नियम सगळे पाठ करतात. मग 'उद्या ओसाकात मीटिंग आहे' आलं की 'आहे' बघून नि भरतात. उत्तर दे. मीटिंग ही वस्तू नव्हे, घडणारी गोष्ट आहे, म्हणून 'काइगि वा ओओसाका दे आरु'. हे वाक्य डेकमध्ये नाही. घाला.

आगेरु आणि कुरेरु. मराठीत दोन्हीकडे 'दिलं'. मी दुसऱ्याला दिलं तर आगेरु, दुसऱ्याने मला किंवा माझ्या माणसाला दिलं तर कुरेरु. 'माझ्या बहिणीला' असलेलं एक वाक्य हवंच, कारण 'मला' दिसलं नाही की लोक आगेरुकडे धावतात.

ते मोराउ. तुमची सूचना 'करून घेणे'. अर्ध्या ठिकाणी ठीक. पण मराठीत 'जेवून घे', 'झोपून घे' यातही घेणे आहे आणि तिथे मोराउचा संबंध नाही. सूचनेत 'कडून' असायलाच हवं. आणि 'कडून करवून घेतलं' लिहू नका, त्याला मुकादमाचा वास येतो. मोराउमध्ये उपकाराची भावना असते. दामटून करवून घेणं म्हणजे प्रयोजक, सासेरु.

ते इरु. सूचना 'करत आहे'. 'केक्कोन् शिते इरु' म्हणजे लग्न करत आहे नव्हे, लग्न झालेलं आहे. 'ओचिते इरु', पडलेलं आहे. एका क्षणात होऊन जाणाऱ्या क्रियांचं ते इरु म्हणजे पुढे राहिलेली अवस्था. याची नोंदच वेगळी करा आणि सूचनेत '-लेलं आहे' ठेवा. शिवाय 'शित्ते इमासु का' याचं नकारार्थी उत्तर 'शिरिमासेन्' आहे, 'शित्ते इमासेन्' नव्हे, याचं एक कार्ड.

त्याच्याच शेजारी ही तीन वाक्यं द्या: मादो गा आइते इरु (खिडकी उघडी आहे), मादो गा आकेते आरु (कुणीतरी खिडकी उघडून ठेवलेली आहे), मादो ओ आकेते ओकु (मी खिडकी उघडून ठेवतो). क्रियापदाची जोडी आकु-आकेरु आणि गा-ओ ही दोन्ही एकदम तपासली जातात.

बोरूबहाद्दर

वाखु (वाचनखूण) साठवली. कण्हेर, यातूनच एक वेगळा धागा होईल.

उंबरठा

कण्हेर यांच्या तिसऱ्या गटात 'तर'ची चौकडी राहिली. तो, बा, तारा, नारा. मराठीत सगळ्यांचं 'तर' होतं आणि तारा कानाला 'तर'सारखंच लागतं, त्यामुळे जो तो तारा भरतो. योगायोगाने पुष्कळदा बरोबरही येतं, आणि तीच अडचण आहे. अंकीला वाटतं चारही येतात.

सूचनेतून नुसता 'तर' काढून टाका.

'तो'साठी 'की' वापरा: बटण दाबलं की तिकीट येतं, बोतान् ओ ओसु तो किप्पु गा देरु. यंत्र, निसर्ग, रस्त्याचा पत्ता, म्हणजे दर वेळी हमखास घडणारं. तो नंतर आज्ञा, विनंती, इच्छा येत नाही. म्हणून एक कार्ड असं हवं की दुसऱ्या भागात 'फोन कर' आहे आणि तो बसत नाही.

तारासाठी '-ल्यावर': पुण्याला पोचल्यावर फोन कर, पुने नि त्सुइतारा देन्वा शिते. भूतकाळातला अनपेक्षित शोधही ताराच: 'खिडकी उघडली तर बर्फ पडत होतं', मादो ओ आकेतारा युकि गा फुत्ते इता. इथे मात्र मराठी 'तर' अगदी चपखल आहे, ठेवा.

नारासाठी 'असेल तर'. तारा आणि नारा यांतला फरक शिकवायला जपानमधलं दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्धचं घोषवाक्य पुरेसं आहे: 'नोन्दारा नोरु ना, नोरु नारा नोमु ना'. प्यायल्यावर गाडी चालवू नको, चालवायची असेल तर पिऊ नको. तारामध्ये पहिली गोष्ट आधी होऊन जाते. नारामध्ये पहिली गोष्ट अजून व्हायची असते, नुसता बेत असतो, आणि दुसरी तिच्या आधीही येऊ शकते. दोन्ही जागा एकाच वाक्यात गाळा. या एका नोंदीसाठी क्लोझ वापरायला हरकत नाही. दोघांपैकी एक उघडं दिसलं तरी दुसरं फुकट मिळत नाही.

आणि हो, तोकि. 'निहोन् ए इकु तोकि, काबान् ओ कात्ता' यात बॅग जपानला पोचण्याआधी घेतली. 'इत्ता तोकि' असेल तर जपानमध्ये पोचून घेतली. डेकमधली सूचना 'जपानला गेलो तेव्हा बॅग घेतली' ही दोन्हीकडे लागते. पहिल्याला 'जपानला जायच्या वेळी, पोचण्याआधी', दुसऱ्याला 'जपानला गेल्यावर तिथे'. लांब झाली तरी चालेल.

गोगलगाय_२

माझं म्हणणं अर्धं मागे घेतो. मात्र सूचना कायमच्या नकोत. त्या झाकून ठेवा, दाबल्यावर दिसतील अशा. अंकीत रकान्याच्या नावाआधी 'हिंट' लावलं की दुवा येतो, त्यावर दाबलं की मजकूर उघडतो. सूचना न उघडता जमलं तर गुड, उघडून जमलं तर हार्ड.

सव्वादहा

कल्पना चांगली, पण फक्त पहिल्या गटासाठी. दुसऱ्या-तिसऱ्या गटात सूचना झाकली तर एका जागेला तीन उत्तरं बरोबर येतील.

हार्डबद्दल एक इशारा. हार्ड म्हणजे 'आठवलं, पण त्रास झाला'. एफएसआरएसच्या हिशेबात ते पास आहे. पुष्कळ जण विसरल्यावर मन राखायला हार्ड दाबतात; मग गणित समजतं की विसरलेल्या गोष्टी तुम्हाला येतात, आणि अंतरं भलतीच लांबतात. विसरलात तर अगेन. सूचना उघडून जमलं तर हार्ड चालेल, कारण आठवलं तुम्हीच.

बाकी सेटिंग्ज, कारण डेकसोबत आलेल्या त्रासदायक आहेत:

शिकण्याचे टप्पे १ मिनिट आणि १० मिनिटं ठेवलेत, म्हणजे अंकीचे मूळचेच. व्याकरणाला १ मिनिटाचा टप्पा फुकट जातो, नियम डोळ्यांसमोरच असतो. एकच टप्पा ठेवा, १० किंवा १५ मिनिटांचा. एक दिवसाचा टप्पा एफएसआरएससोबत ठेवू नका, ते काम त्याचं आहे.

व्याकरणाच्या डेकला वेगळा प्रीसेट (सेटिंग्जचा संच) हवा. शब्दांच्या डेकबरोबर एकाच प्रीसेटमध्ये असेल तर दोन्हींच्या विसरण्याची सरासरी निघते आणि ती दोघांनाही लागू पडत नाही. काही शे रिव्ह्यू झाले की ऑप्टिमाइझ दाबा, मग महिन्या-दोन महिन्यांनी एकदा. रोज दाबून काही मिळत नाही.

लक्ष्य ९० टक्के ठीक. परीक्षा जवळ आली म्हणून ९५-९७ वर नेऊ नका. तेवढ्या वाढीव टक्क्यांसाठी रोजची कार्डं फार वाढतात आणि तो वेळ वाचनातून जातो.

रोजच्या उजळणीची मर्यादा २०० वरून ९९९९ करा. मर्यादेमुळे थकबाकी दिसायची बंद होते, संपत नाही.

निशिगंधा७

रोज नवी कार्डं किती? डिसेंबरची एन४ द्यायची असेल तर?

सव्वादहा

ढोबळ हिशेब: काही आठवड्यांनी रोजची उजळणी नव्या कार्डांच्या सात ते दहापट होते. रोज ६ नवी म्हणजे साधारण ४० ते ६० उजळण्या. व्याकरणाचं कार्ड शब्दापेक्षा वेळ खातं, १५ सेकंद धरा, म्हणजे १० ते १५ मिनिटं. तेवढंच बरं. एन४ चे १०० मुद्दे गुणिले ४ वाक्यं म्हणजे ४०० कार्डं, रोज ६ प्रमाणे ६७ दिवस. परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. शेवटचे तीन आठवडे नवी कार्डं शून्य ठेवायची असतील तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायला हवं. गणपतीत पाच दिवस हात लागणार नाही हे धरूनच चला. परत आल्यावर नवी बंद करायची, थकबाकी तीन-चार दिवसांत वाटून संपवायची, मग नवी चालू.

आणि नुसत्या या डेकवर विसंबू नका. एन४ ला १८० पैकी ९० लागतात, पण शब्द-व्याकरण-वाचन मिळून १२० पैकी ३८ आणि ऐकण्यात ६० पैकी १९ हे वेगवेगळे यावे लागतात. एन३ ला ९५, आणि तिथे वाचनाचे ६० वेगळे मोजतात, त्यातही १९ हवेत.

कण्हेर

टाइप करण्याच्या प्रश्नाबद्दल. जेएलपीटीत सगळं पर्याय निवडण्याचं आहे, एक अक्षर लिहावं लागत नाही. फक्त परीक्षा हवी असेल तर टाइप करणं म्हणजे वेळेची नासाडी. जपानी कंपनीत ईमेल लिहायचे असतील तर उपयोग आहे, कारण 'कितेकुदासाइ' आणि 'कित्तेकुदासाइ' मनात म्हणताना कळत नाही, टाइप करताना लगेच कळतं. (पहिलं 'या', दुसरं 'कापा'.)

पण अंकीचं टाइप-तपासणं अक्षरशः जुळवून बघतं, आणि तिथे चार गोष्टी छळतात.

एक, कांजी आणि काना. उत्तरात कांजी असेल आणि तुम्ही काना लिहिलात तर चूक. उत्तराचा रकाना कायम हिरागानातच (साध्या कानात) ठेवा.

दोन, पर्यायी बरोबर उत्तरं. 'करायलाच हवं' याला नाकेरेबा नारानाइ, नाकुते वा इकेनाइ, नाइ तो इकेनाइ, सगळं बरोबर. सुरु + बेकीचं सुरुबेकि आणि सुबेकि दोन्ही चालतं. तेव्हा वाक्यात शेवटचा तुकडा उघडा ठेवून जागा लहान करा: '___ बा नारानाइ'.

तीन, कीबोर्ड. रोमन अक्षरांतून टाइप करताना 'न्'नंतर स्वर आला तर एन दोनदा दाबावा लागतो, नाहीतर किन्एन् (धूम्रपानबंदी) याचं किनेन् (स्मरण) होतं. व्याकरण आलं, बोट चुकलं. अशा वेळी अगेन दाबू नका.

चार, फोनचा कीबोर्ड पुढचं रूप स्वतःच सुचवतो. 'ताबे' लिहिलं की ताबेते, ताबेता, ताबेराेरु रांगेत हजर. ती परीक्षा राहत नाही, निवड होते. कीबोर्डचं सुचवणं बंद करा.

माझा कौल: टाइप करण्याचं कार्ड फक्त रूपांसाठी, वापरासाठी नको. ते-रूपासाठी शंभर क्रियापदं नकोत, शेवटच्या अक्षरांचे गट पुरे: उ-त्सु-रुचं त्ते, नु-बु-मुचं न्दे, कुचं इते, गुचं इदे, सुचं शिते, आणि एकटा इकु इत्ते. प्रत्येकी दोन क्रियापदं. त्यावर रूप बघून फसवणारी: काएरु (परतणे), हाशिरु, शिरु, हाइरु, किरु (कापणे). ही दिसतात ताबेरु-मिरुच्या गटातली, आहेत दुसऱ्या.

तिरफळ

वरच्या प्रतिसादात 'ताबेरारेरु' हवं ना? काना जरा हलला आहे. :)

कण्हेर

हो, बोट घसरलं. तिसऱ्या मुद्द्याचं प्रात्यक्षिक समजा.

निशिगंधा७

परीक्षेतल्या चांदणी (★) असलेल्या प्रश्नांचं काय? चार तुकडे क्रमाने लावून चांदणीच्या जागी काय येतं ते सांगायचं, तो प्रकार. त्याची कार्डं करता येतील?

उंबरठा

करता येतील, पण अंकी तुकडे स्वतः पिसत नाही. दर वेळी त्याच क्रमाने दिसले की दोन-तीन उजळण्यांत 'तिसरा' हे उत्तर पाठ होतं. टेम्प्लेटमध्ये चार ओळींची जावास्क्रिप्ट लिहून पिसता येतात. तेवढं येत नसेल तर हा प्रकार सरावाच्या पुस्तकातच करा. तुकडे लावताना मराठीचा क्रम बऱ्याच अंशी चालतो: नामाला लागणारं विशेषण-वाक्य आधी, नाम नंतर. 'काल घेतलेलं पुस्तक', किनोउ कात्ता होन्.

बोरूबहाद्दर

अँड्रॉइडवर काही कांजी वेगळ्याच दिसतात. 'सरळ' या अर्थाची (नाओसु मधली) आणि 'हाड' (होने). पुस्तकातल्यापेक्षा एक-दोन रेघा इकडेतिकडे.

सव्वादहा

तो चिनी आकार आहे. युनिकोडमध्ये चिनी आणि जपानी कांजींना पुष्कळदा एकच क्रमांक आहे, आकार फाँट ठरवतो. फोनची भाषा मराठी किंवा इंग्रजी असेल आणि कार्डावर भाषा सांगितली नसेल तर चिनी फाँट उचलला जातो. टेम्प्लेटमध्ये जपानी मजकुराभोवतीच्या टॅगला भाषेचं विशेषण (lang) जोडा, किंमत 'जेए'. मराठी सूचनेला वेगळा टॅग, किंमत 'एमआर'. एकाच टॅगमध्ये दोन्ही भाषा ठेवू नका.

तिथेच असताना फुरिगानाही बघा. कांजीआधी अर्ध्या रुंदीची (साधी) मोकळी जागा नसेल तर वाचन आधीच्या हिरागानावरही पसरतं. डेकमधल्या बऱ्याच कार्डांत 'ओ' प्रत्यय आणि पुढची कांजी चिकटल्या आहेत.

तिरफळ

भरपूर मिळालं, आभार. तेरा रकान्यांची रचना घेते, 'तर'ची चौकडी उंबरठा यांच्या सूचनांनी परत लिहिते, हाझु-बेकी आणि नि-दे आधी दुरुस्त करते. सूचना फक्त पहिल्या गटात झाकलेल्या. टाइप करण्याचा भाग वेगळा उपडेक, हवा त्याने घ्यावा.

नवी फाईल इंपोर्ट करताना: निर्यातीत माझं वेळापत्रक काढून टाकेन, त्यामुळे तुमच्या तारखांना धक्का नाही. पण तुम्ही स्वतः एखादी नोंद बदललेली असेल आणि ती फाईलमधल्यापेक्षा नवी असेल तर अंकी तुमचीच ठेवतो, माझी दुरुस्ती येत नाही. तसं असेल तर इंपोर्टच्या वेळी नोंदी 'नेहमी' अद्ययावत करण्याचा पर्याय निवडा, आणि आपली टिपणं आधी बाजूला काढून ठेवा.

गोगलगाय_२

एक राहिलं. कुरेरुच्या कार्डात 'सेन्सेइ गा होन् ओ कुरेमाशिता' आहे. शिक्षकांनी दिलं तर परीक्षेत कुदासाइमाशिता अपेक्षित असतं. मराठीत आपण 'सरांनी दिलं' म्हणतो, 'दिलं'चं रूप बदलत नाही, म्हणून हे सुटलं असावं.

तिरफळ

बरोबर. शिक्षकांचं वाक्य कुदासारुकडे हलवते आणि कुरेरुसाठी मैत्रिणीचं घेते: तोमोदाचि गा इमोउतो नि होन् ओ कुरेमाशिता. कण्हेर यांनी मागितलेली 'माझ्या बहिणीला'ही त्यात आली. सूचनेत 'माझ्या' लिहिणं मात्र भाग आहे. नुसतं 'बहिणीला' लिहिलं तर ती मैत्रिणीची बहीणही असू शकते, आणि मग आगेमाशिता.